माझा उशीर राहू द्या

हिरामणदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पनवेलच्या बाजारात त्यांच्यासाठीच केबल घेत उभी होते. जुन्या सिंथेसायझरला लागते तसली, गोल तोंडाची. त्यांची आधीची केबल सैल झाली होती, मधेच हलली की सूर तुटायचा. दुकानदार खोकं उघडत असताना सुमनवहिनींचा फोन आला. "ताई, त्ये गेलं," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "चहा मागितला, मी कप घेऊन आले तं..." मी केबल पिशवीत टाकली, रिक्षा केली, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की आता ही कुणाला लागणार आहे. आज दीड महिना झाला त्याला.

हिरामण कोळी मूळचे उरणजवळच्या करंजा गावचे. वडिलांची होडी होती, भाऊ अजून समुद्रावर जातात. यांचा हात मात्र जाळ्यापेक्षा पेटीवर जास्त बसला, आणि पुढे पेटीवरून सिंथेसायझरवर. उरणपासून पनवेलपर्यंत तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हळदी वाजवल्या. नंतर टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर लावून डीजे येऊ लागले आणि दादांची बोलावणी कमी होत होत थांबली. तोवर ते नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत राहायला आले होते. ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी बँकेच्या संगणक विभागातून नुकतीच मोकळी झाले होते आणि हौस म्हणून गाणी बनवण्याचं सॉफ्टवेअर शिकत होते. माझ्या स्वभावाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मला वाकडं बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी कॅलेंडर तिरकं दिसलं तरी माझा हात तिकडे जातो. आमचे हे म्हणायचे, हिला चंद्र दाखवू नका, कोर सरळ करायला जाईल.

सोसायटीच्या गणपतीत दादांचं वाजवणं ऐकलं आणि मीच त्यांच्या मागे लागले. हळदीच्या पंचवीसेक जुन्या चाली त्यांच्या डोक्यात होत्या आणि त्या गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या होत्या. म्हटलं, दादा, तुमच्याबरोबर हे सगळं जायला नको. बोलून गेल्यावर जीभ चावली, पण ते हसले. "जानार तं हायच. त्याच्या आदी घ्या भरून." मग दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या पुढच्या खोलीत आमचा कारखाना सुरू झाला. टेबलावर त्यांचा सिंथेसायझर, शेजारी वहिनींच्या इस्त्रीच्या टेबलावर माझा लॅपटॉप, आणि दोघांना जोडणारी ती केबल. गंमत अशी की या केबलीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी, कधी, किती जोरात आणि किती वेळ दाबली, एवढीच खबर संगणकाकडे जाते. परत वाजवायचं झालं की संगणक तीच खबर उलट पाठवतो आणि सिंथेसायझर आपल्या आवाजात ते वाजवून दाखवतो. दादांना हे फार आवडलं होतं. "म्हंजे बोटं तुमच्याकडं, गला माज्याकडं," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी सगळंच उशिरा वाजत होतं. पट्टी दाबावी आणि सूर मागून, दाराशी चपला काढून आल्यासारखा यावा. मी घामाघूम होऊन सेटिंगं बदलत होते. दादा निवांत. "ह्यो तं माज्यावरच गेला," म्हणाले. कारण दादा स्वतःही उशिरा वाजवायचे. अगदी केसभर, पण मात्रेच्या मागे. मी ते बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "तुमच्या वहिनीचं पाय बघून शिकलो मी. हळदीत बाया नाचत्यात. पाय जमिनीवर पडला पायजे, मंग सूर. सूर आदी आला तं बाई अडखलते." मग म्हणाले, "ताई, यंत्राचा उशीर काढा. माजा उशीर ऱ्हाऊ द्या." मी मान डोलावली. यंत्राचा उशीर त्याच दिवशी काढला. मात्र तो गेला आहे की नाही हे बघायला दर रविवारी कामाआधी दादा एक ओळ वाजवायचे. सुकी मासळी उलटताना त्यांची आई गुणगुणायची ती. मी ती संगणकात घ्यायची, परत पाठवायची, आणि सिंथेसायझर वाजू लागला की दादा दोन्ही हात वर करून बसायचे, मी नाही वाजवत बरं का, अशा थाटात. ओळ संपली की म्हणायचे, "आला. आपलाच हाय." मग खरं काम सुरू.

आणि खरं काम मी घरी जाऊन बिघडवत होते. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की मागेपुढे पडलेले सगळे सूर मात्रेच्या रेघेवर जाऊन बसतात, शाळेतल्या रांगेसारखे. पडद्यावर दादांचे सूर रेघांच्या जरा जरा उजवीकडे, म्हणजे उशिराच्या बाजूला, सांडलेले दिसायचे आणि मला राहवायचं नाही. एकेक चाल मी सरळ केली, साठवली, मूळची पुसली. त्यांना एकदा ऐकवलीही होती. खिडकीबाहेर बघत त्यांनी ती पूर्ण ऐकली. "चांगलं हाय... लय चांगलं हाय." मला ते कौतुक वाटलं. ताईला वाईट वाटू नये म्हणून माणूस तेच वाक्य दोनदा म्हणतो, हे मला आता कळतं.

दादांचं दिवसपाणी झाल्यावर वहिनी वर आल्या. कधी काही न मागणारी बाई. म्हणाल्या, "ताई, एकदा त्यांचा हात आयकवा." मी उत्साहाने लॅपटॉप उघडला. एक चाल लावली, दुसरी लावली. वहिनी पदर धरून ऐकत होत्या. तिसरीला म्हणाल्या, "चाल तीच हाय. पन ह्ये त्ये नाय." रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गेल्यावर मी पंचवीसच्या पंचवीस चाली उघडून पाहिल्या. एकही सूर रेघेबाहेर नव्हता. ज्या माणसाला जपायचं म्हणून बसले होते त्याला मीच पुसून टाकलं होतं. त्या दिवशी मी खूप रडले, आणि खरं सांगायचं तर दादा गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

चार दिवसांनी, सवयीने, त्या फायली आवरायला बसले. तेव्हा खाली एका कोपऱ्यात दुसरी रांग दिसली. तपासणी एक, तपासणी दोन, तपासणी तीन... अठ्ठावन्नपर्यंत. दर रविवारची ती एक ओळ. क्रमांक घालून ठेवल्या होत्या, कारण मी काहीही क्रमांक घातल्याशिवाय ठेवत नाही. सरळ मात्र केल्या नव्हत्या. तपासणीची ओळ कोण सरळ करतं?

रविवारी दहाला मी लॅपटॉप आणि ती नवी केबल घेऊन खाली गेले. वहिनींनी सिंथेसायझरवरचं कापड काढलं, इस्त्रीचं टेबल स्वतःच उघडून दिलं. दादांच्या स्टुलावर दोघींपैकी कुणी बसलं नाही. केबल जोडली, आणि शेवटच्या रविवारची ओळ लावली. पट्ट्या हलत नव्हत्या. खोलीत दादांच्या सिंथेसायझरचा आवाज होता, तोच जुना, किंचित घोगरा. मी पडद्याकडे बघत होते, सूर रेघांच्या उजवीकडे सांडलेले, आणि पहिल्यांदाच माझा हात तिकडे गेला नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ओळ संपली तशी म्हणाल्या, "परत लावा." मी परत लावली. त्यांनी चौकटीला हात टेकला, डोळे मिटले. त्यांचा पाय उचलला गेला, फरशीवर पडला... आणि मग सूर आला.