रशियन लेन्स आणि बिघडलेला फोटो

जुनी लेन्स घ्यायची असेल तर अकोल्याच्या चाचांकडे जा आणि तोंड बंद ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. तोंड बंद यासाठी, की चाचा कुणाला बोलूच देत नाहीत. जुन्या शहरातल्या एका बोळात त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. रीळ गेलं तशी दुरुस्तीही गेली, पण खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेल्या लेन्स होत्या, बंद पडलेल्या स्टुडिओंमधून आलेल्या. माझा अमरावतीचा स्टुडिओही त्याच वाटेला लागला होता. कपाशीवर बोंडअळी, सोयाबीनला भाव नाही, अशी ती वर्षं. लोक मंदिरात लग्नं उरकायचे आणि खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री फोटोवाल्यावर. नवी लेन्स मला झेपणारी नव्हती. म्हणून हातानं फोकस करायची जुनी लेन्स शोधत मी एसटीनं अकोल्याला गेले.

चाचांनी तीन लेन्स काढल्या, दोन जपानी आणि एक रशियन, आणि माझ्या हातात टॉर्च दिला. मागून उजेड मारायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, घ्यायची नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवर नाही. उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्यांवर तेल चमकलं तर त्या चिकटणार. आणि शेवटी डोळे मिटून फोकसची रिंग फिरवायची. कोरडी फिरली तर नको, ढिली फिरली तर मुळीच नको.

"नवीन लेन्स सोताच पाह्यते, बेटी," चाचा म्हणाले. "ही पाह्यत नाही. इथं तुले पाहा लागते."

त्यांचं म्हणणं, जपानी घे, सगळं लख्ख दाखवते. मला रशियन हवी होती. तिच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या की समोरचं तेवढं धारदार राहतं आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. तेव्हा गिऱ्हाईकं त्या वितळण्यासाठी वेडी झाली होती. चाचा तोंड वाकडं करून म्हणाले, "ही मांगच्या मानसाले वळखत नाही." मी हसले. मला कुठं मागच्या माणसाचं काही पडलं होतं! रशियनच घेतली, सोबत ती नव्या कॅमेऱ्यावर बसवायची पितळी रिंग, आणि संध्याकाळच्या आत घरी आले.

चार दिवसांनी पोळा. माझ्या मामांचं शेत दर्यापूरजवळ. मामांकडे बारा वर्षांपासून एक सालदार होता. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, पण बैल त्याच्याच हातचे. आदल्या संध्याकाळी त्यानं बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळलं आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वऱ्हाडात सगळेच म्हणतात. पण हा पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायचा, आणि बैल खरंच ऐकतोय का ते बघत थांबायचा.

दुसऱ्या दिवशी बैल सजले. शिंगं रंगवलेली, डोक्याला बाशिंग, अंगावर झूल. मी नवी-जुनी लेन्स चढवून उभी. सालदार कासरा धरून बैलाच्या मागं सरकला.

"माया फोटो नोका काढू, ताई. आज त्याचा सन हाये."

मीही नाही काढला. माझ्या कॅमेऱ्यात फोकस जिथं बसतो तिथं स्क्रीनवर लाल कडा उमटते. ती लाल कडा मी बैलाच्या डोळ्यावर बसवली आणि दहा फोटो घेतले. काय सुंदर आले! बैलाची पापणीन् पापणी मोजून घ्या, आणि मागं सालदार, कडुनिंब, गोठा सगळं एकात एक कालवलेलं. अकराव्या वेळी बैलानं मान झटकली, माझं बोट रिंगवरून घसरलं आणि बटण दाबलं गेलं. बघते तर बैल म्हणजे नुसता रंगाचा फराटा. आणि मागं सालदार, डोक्याला पिवळा दुपट्टा, तोंडभर हसतोय. लाल कडा त्याच्या भुवयांवर.

तो माझ्या खांद्यावरून डोकावला. "माया आला का?"

"छे, हा बिघडला," मी म्हणाले आणि त्याच्या देखत पुसून टाकला.

"बरं बरं," तो म्हणाला, आणि बैलाला घेऊन तोरणाखाली गेला.

मामांना बैलाची मोठी फ्रेम दिली, सालदाराला एक छोटी प्रत. दीड महिन्यानं मामांचा फोन आला. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यात फवारणी करता करता त्याला औषध चढलं. दोन दिवस दवाखान्यात होता, गेला. तोंडाला बांधायला मामांनी त्याला काय दिलं होतं, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही, आणि याची मला लाज वाटते.

दहाव्या दिवशी त्याची बायको अमरावतीला स्टुडिओत आली. पिशवीत ती बैलाची प्रत. तेरवीला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे, म्हणाली. मी बैलाचे दहाही फोटो मोठे करून दाखवले. मागच्या चेहऱ्याला जेवढी धार देता येईल तेवढी दिली. काय येणार? डोळ्यांच्या जागी दोन डाग.

"याच्यात त धूर दिसून राहिला," ती म्हणाली.

"आधार कार्डावरचा मोठा करून देऊ का, वहिनी?"

"त्याच्यात तो चोरावानी दिसते." मग पदर सावरून खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी एक काढला होता न त्याचा. तो बिघडला होता म्हने. बिघडलेलाच द्या. आमाले चालते."

तिला सांगायचं धाडस झालं नाही. "बघते," एवढंच म्हणाले आणि तिला एसटीत बसवून दिलं.

बारा वर्षं मी त्या गावी जात होते. मामांच्या घरादाराचे किती फोटो काढले असतील! त्या रात्री सगळे उघडून बघितले. कुठं सालदाराचा कोपर, कुठं कासरा धरलेला हात, कुठं कडेला अर्धी पाठ. आणि मी स्वतःला फोटोवाली म्हणवते.

पुसलेला फोटो कधी कधी कार्डातून परत निघतो, पण त्यावर नवे चढले नसतील तरच. माझ्या कार्डावर गणपती, नवरात्रातली देवी आणि दोन बारशी चढली होती. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे दोन दिवस बसून राहिले. अनोळखी बायका, आरतीची ताटं, रडणारी पोरं, एकेक वर येत राहिलं. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण तिथं बसून मी त्या देवीच्याच फोटोला हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोटो निघाला, अर्धा. वर कडुनिंब, पिवळा दुपट्टा, कपाळ, भुवया. भुवईतला केसन् केस लख्ख. त्याच्या खाली सगळी राखाडी पट्टी, डोळ्यांपासून पुढं काहीच नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, यापेक्षा जास्त निघणार नाही.

तेरवीला तोच फ्रेम करून नेला. तिनं काचेवरून बोट फिरवलं.

"दुपट्टा म्याच बांधून देल्ला होता. गाठ पाहा, डाव्या अंगाले." मग बोट खाली आलं. "खालचं काहून नाही, ताई?"

"मी पुसला होता, वहिनी. तेव्हाच, त्याच्यासमोर."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हासडेल. हासडायलाच पाहिजे होतं, दोन शिव्या खाऊन मी मोकळी तरी झाले असते. पण ती म्हणाली, "घरी येऊन सांगतलं होतं त्यानं. म्हने माया बिघडला, पन बैलाचा मस्त आला. लय खूश होता." आणि फ्रेम घेऊन आत गेली.

पुढच्याच आठवड्यात मी अकोल्याला जाऊन ती लेन्स चाचांच्या टेबलावर ठेवली. परत घ्या म्हटलं, आणि काय झालं ते सगळं सांगितलं. चाचा पहिल्यांदा मला बोलू देत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सवयीनं टॉर्च मारला, रिंग फिरवली.

"हिच्यात काही खराबी नाही, बेटी," ते म्हणाले. "ठेव तुह्यापाशीच. दुसऱ्याले देली त तोही असंच करन."

म्हणून लेन्स अजून माझ्याकडेच आहे. त्याच लेन्सनं काम करते. आधी मागच्या माणसावर फोकस लावून एक फोटो घेते, मग समोरच्यावर येते. गिऱ्हाईकं चिडतात, आमच्याकडे बघा म्हणतात. पण रिंग फिरवताना दर वेळी खांद्यावरून कुणीतरी डोकावतंय असं वाटतं, आणि मागं वळून बघायची माझी हिंमत होत नाही.

पुढच्या पोळ्याला तिच्या घरी गेले होते. फ्रेम भिंतीवर होती. तिनं झेंडूचा जाडजूड हार असा घातला होता, की वर दुपट्टा आणि कपाळ दिसावं आणि राखाडी पट्टी पूर्ण झाकली जावी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, चेहरा फुलांच्या मागं आहे. सणाचा दिवस म्हणून तिनं माझ्यासमोरच हार बदलला. आधी सुकलेल्यावर नवा घातला, नीट पसरवला, आणि मग आतून हळूच जुना ओढून काढला.