आत्याची चूळ

माझी आत्या दारुडी नव्हती.

काल तिला पोचवलं आणि आज पहिलं वाक्य हे लिहावं लागतंय. यातच सगळं आलं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आत्या अठरा-एकोणीस वर्षांची. मिलमध्ये मशिनरी बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला होता. त्याच्या बंगल्यावर ती स्वयंपाकघरात मदतीला जायची.

इंजिनिअरची बायको द्राक्षमळेवाल्यांची लेक. इथे तिला बोलायला कुणी नाही.

एका दुपारी मॅडमने आत्यासमोर तीन ग्लास ठेवले. बोर्दो, बर्गंडी, अल्सास. तिकडच्या तीन मुलखांच्या तीन वाइन, तळाला घोटभर.

खुणेनंच शिकवलं. आधी वास. मग घोट जिभेवर फिरवायचा. मग बेसिनमध्ये थुंकायचा.

प्यायचं नाही. चव घ्यायची आणि चूळ टाकायची. तिकडे हे प्रोफेशनल काम असतं.

आत्या म्हणाली, बोर्दोला आमच्या घराचा वास येतो. घरात सगळ्या विड्या वळायच्या, तिला त्यात तंबाखू सापडला होता. बर्गंडी म्हणजे पाणी दिलेलं काळं रान. अल्सासमध्ये गुलाब, पण गुलकंद नाही.

मॅडमने टाळ्या वाजवल्या. "माझ्यासाठी तेवढ्याच वाजल्या बघ," आत्या सांगायची.

तिची सुपारी फुटली होती. होणाऱ्या नवऱ्याचा काका त्याच मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम. तो निरोप घेऊन बंगल्यावर गेला आणि त्याने तिला लाल चूळ टाकताना पाहिलं.

आजोबांना येऊन म्हणाला, "पोरीला दारूची चव कळती. चव कळती म्हंजे सवय हाय की."

"मी थुंकले की अप्पा. गिळली न्हाय."

आजोबांनी तिला मारलं. त्या संध्याकाळी ते स्वतः पिऊन आले होते.

त्यांच्या सवयीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

लग्न मोडलं. काम सुटलं. तेव्हा दारू प्यायला सरकारी परवाना लागायचा, म्हणून गल्लीने तिचं नावच 'परमिट' ठेवलं. दुसरं स्थळ आलं नाही. पुढे आयुष्यभर विड्याच. तंबाखूच्या खकाण्यात तिचं ते नाकही गेलं.

मला मात्र तिनेच चव शिकवली. शेंगाचटणी जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "गिळायची घाई करू नको. कडू कुटं लागतंय ते सांग."

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. फूड टेक्नॉलॉजी. लेक्चरमध्ये सर म्हणाले, वाइनचे टेस्टर गिळत नाहीत, थुंकतात. मी धावत घरी आले. आत्या, तू केलंस ते शास्त्र आहे.

तिचा हात विडीवरून हलला नाही.

"तवा कुणीतरी म्हणायचं की."

काल स्मशानातून परतलेली गल्ली आमच्या दारात उभी होती. रिवाजाप्रमाणे मी प्रत्येकाच्या हातावर कडुलिंबाचा पाला ठेवला. सगळ्यांनी चावला, तोंडं वाकडी केली, चूळ भरली आणि थुंकले.

एकानेही गिळला नाही.

मी विचारलं, "चव कळली?"



आत्या, तुझ्या भाचीचा शेवटचा नमस्कार.

तिथे कुणी ग्लास पुढे केला तर आता थुंकू नकोस. गिळ.