आर्लिसचं कनेटिकट

आयोवा राज्यातली सर्वांत उंच जागा माझ्या बहिणीच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. उंच म्हणजे काय, तर मक्याच्या शेतांच्या मधोमध जमीन जराशी फुगलेली आहे, एवढंच. आमच्या लहानपणी ते कुणाचं तरी गुरांचं आवार होतं. आता तिथे जमिनीत रंगीत फरशी बसवली आहे आणि इतर राज्यांच्या शिखरांकडे बोट करणाऱ्या पाट्यांचे खांब रोवले आहेत. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्या फरशीवर नाचून आलंय. राहिली होती फक्त दोघं, माझी थोरली बहीण आर्लिस आणि तिचा नवरा हार्लन रूरडा.

त्याचं कारण असं की त्या दोघांना राज्याराज्यांची शिखरं गाठायचा नाद होता. या नादिष्ट मंडळींत एक रीत आहे. पुष्कळ जण घरचं शिखर अगदी शेवटी ठेवतात आणि त्या दिवशी सगळ्या गणगोताला बोलावून केक कापतात. एकदा आमच्या चर्चची सहल नेमकी त्या फरशीपाशीच गेली. आर्लिस रस्त्यावर गाडीत बसून राहिली. मी खिडकीतून तिला बटाट्याच्या सॅलडची ताटली दिली.

"उतर की बाई," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली आणि काट्याने लोणच्याची काकडी उचलली.

अशी माझी बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सगळी नोकरी काढली, पण उरलेला एक बन कधी घरी आणला नाही. हार्लन तिच्या वरताण. तो धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर होता. मक्याने भरलेले ट्रक यायचे, तो वजन करायचा. शेतकरी एकमेकांशी बांधावरून भांडतील, हवामानाशी भांडतील, पण हार्लनने सांगितलेल्या आकड्याशी कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. बोलायला अगदी कमी. मी कितीही चेष्टा केली तरी उत्तर म्हणून फक्त त्याचे कान लाल व्हायचे. मला तेवढं पुरायचं.

धाकटा मुलगा घराबाहेर पडला आणि यांनी गाडी काढली. पश्चिमेकडची दहा आडदांड शिखरं, बर्फाची, दोर लावून चढायची, ती त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिली. उरली चाळीस. नकाशा हार्लनचा आणि स्टिअरिंग आर्लिसचं, अशी वाटणी होती. "नकाशात डोकं खुपसायला मी नवरा केलाय," ती म्हणायची. वर पोचलं की थांबायचं, हातात हात घ्यायचा आणि शेवटचं पाऊल दोघांनी एकदम टाकायचं, हा त्यांचा स्वतःचा नेम. मेन राज्यात मोठमोठ्या दगडांवरून चार पायांवर चढताना हार्लनचा धीर सुटला, तेव्हा आर्लिसने त्याला दटावत, ओढत वर नेलं, पण नेम मोडला नाही.

अशी वर्षं गेली. एकोणचाळिसावं होतं कनेटिकट. मे महिन्यात गेले नि आले. आर्लिसने मला फोटो दाखवला. डोंगरमाथ्यावर दगडांचा मोठा चौथरा, त्यात बसवलेली कोरीव पाटी आणि तिच्याशेजारी डोळे पुसत हसणारी माझी बहीण. आता फक्त घर राहिलं होतं. जुलैमधला शनिवार ठरला आणि आर्लिस भेटेल त्याला आमंत्रण देत सुटली.

हार्लनचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. माझ्या हातची बदामाची पेस्ट्री समोर असताना त्याने "नको" म्हटलं. तेही मी सोडून दिलं असतं. पण जूनमध्ये चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. आमच्याकडे पावाच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून हातोहात फिरतं. मनात काही पाप सलत असेल तर ते आधी मिटवा आणि मगच भाकर घ्या, हे आम्हाला दुधाचे दात असल्यापासून शिकवलेलं. ताट हार्लनकडे आलं. त्याने ते तसंच माझ्याकडे सरकवलं. मागच्या बाकांवरचे पेपरमिंट चघळणारे सगळे जबडे एकदम थांबले.

"पोट बिघडलंय त्याचं," बाहेर आल्यावर आर्लिस सगळ्यांना सांगत होती. नखाएवढ्या पावाने कुणाचं पोट बिघडतं?

दुसऱ्या दिवशी मी त्याला त्याच्या गॅरेजमध्ये गाठलं. गवत कापायचं स्वच्छ यंत्र तो पुन्हा स्वच्छ करत होता.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण ती?"

"तेच विचारतेय. जिच्यापायी भाकर सोडलीस ती बाई कोण?"

त्याचे कान लाल झाले नाहीत. चेहरा पांढरा पडला. "कनेटिकट," तो म्हणाला.

मग एकेक शब्द ओढून काढावा तसं त्याने सांगितलं. त्या चौथऱ्यावर कनेटिकटमधली सर्वांत उंच जमीन असं कोरलंय खरं, पण ते शंभरावर वर्षांपूर्वी. पुढे मोजण्या नीट झाल्या, तेव्हा कळलं की खरी उंच जागा शेजारच्या डोंगराच्या उतारावर आहे. त्या डोंगराचा माथा पलीकडच्या राज्यात जातो. कनेटिकटच्या वाट्याला उतारच आलाय आणि तिथे खडकात एक लोखंडी खिट्टी ठोकलेली आहे. नवखे लोक चौथऱ्यावर फोटो काढून खुशीत घरी जातात. नकाशे बघणाऱ्याला मात्र हे ठाऊक असतं. हार्लनला ठाऊक होतं.

"सकाळी मोटेलचा जिना ती कठडा धरून उतरली," तो म्हणाला. "खुब्याला हात लावून. मला दिसू नये म्हणून मी गाडीत बसल्यावर उतरली. खिट्टीची वाट मध्येच उभ्या खडकावरून जाते. मी म्हटलं, आधी हा सोपा डोंगर करू, बघू तिला कसं झेपतं. वर पोचलो. तिने पाटी वाचली आणि रडायलाच लागली, व्हर्ला. म्हणाली, हार्लन, आता फक्त घर. मी सांगायला तोंड उघडलं."

"आणि?"

"आणि फोटो काढला."

"खाली उतरल्यावर सांगायचं होतंस!"

"ती गाडी चालवताना गात होती."

मला त्याची कीव आली आणि त्याच्या डोक्यात ते यंत्र घालावंसंही वाटलं. "सांग तिला," मी म्हटलं.

"जुलै होऊन जाऊ दे."

"वा! आणि तुझ्या काट्यावर कुणी रिकामा ट्रक आणला असता आणि म्हणाला असता, आत्ता भरलेला धर, जुलैनंतर खरं सांगतो, तर?"

तो यंत्राशेजारी खाली बसला आणि हमसून हमसून रडला. आमच्याकडचे पुरुष स्वतःच्या आईच्या दफनालाही असे रडत नाहीत. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "तू नाही सांगितलंस तर त्या फरशीपाशी मी सांगेन." सांगितलं असतं का, देव जाणे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आर्लिसच्या खुब्याचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी हिवाळ्यात ऑपरेशन ठरवलं आणि सांगितलं की सपाटीवर हवं तेवढं चाला, डोंगर मात्र विसरा. "आता विसरायला काय जातंय?" आर्लिस हसत म्हणाली. "माझे झाले." हार्लन तेव्हा तिथेच टेबलापाशी होता. तो उठून अंगणात गेला.

जुलैचा तो शनिवार उजाडला. अर्धं गाव फरशीभोवती जमलं होतं. लांब टेबलावर हॅम घातलेले बन, थरथरणारी जेली आणि कॉफीचं मोठं भांडं. केकवर चाळीसचा आकडा मी स्वतः काढला होता. आर्लिसने निळा ब्लाउज घातला होता आणि ती लंगडत असूनही नवरीसारखी मिरवत होती. फरशीच्या कडेला दोघं थांबली. तिने हात पुढे केला, त्याने तो धरला. सगळ्यांनी फोन वर केले. आर्लिसने पाऊल उचललं.

"आर्लिस, थांब," हार्लन म्हणाला.

तिला वाटलं फोटोसाठी थांबवतोय. तिने केस सारखे केले. आणि मग त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, गॅरेजमध्ये सांगितलं तेच, पण चार वाक्यांत. आमचे पास्टर हातातल्या कॉफीकडे बघत राहिले. आर्लिसने उचललेलं पाऊल गवतावरच ठेवलं.

"ती खिट्टी किती लांब होती?" तिने विचारलं.

"रस्त्यावरून तास-दीड तास."

"आणि मला जमणार नाही, असं तू ठरवलंस."

"तुझा खुबा दुखत..."

"मी तक्रार केली होती खुब्याची?"

"नाही."

"मेनमध्ये तुला वर कुणी नेलं?"

"तू."

"मे महिन्यात मी चढले असते, हार्लन." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आता नाही जमायचं. तेव्हा चढले असते."

मला इतके दिवस वाटत होतं की तिला खोटेपणा टोचेल. खोटेपणाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिने त्याचा हात सोडला, टेबलाकडे वळली आणि बनांवरचा कागद काढला. "लोक उपाशी उभे आहेत," ती म्हणाली. सगळ्यांना वाढलं, हार्लनलाही वाढलं. केक कुणी कापला नाही. तो मी घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवला, कारण फेकायला हात होईना.

सप्टेंबरमध्ये प्रभुभोजनाचं ताट आलं, तेव्हाही हार्लनने ते पुढे सरकवलं. सांगून टाकलं की ओझं उतरतं म्हणतात. त्याचं उतरलं नव्हतं, उलट आता ते कसलं आहे हे त्याला नीट कळलं होतं.

ऑक्टोबरमध्ये आर्लिसने फोन केला. "आम्ही कनेटिकटला चाललोय. तू मागच्या सीटवर बस. गाडीत कुणीतरी बोलणारं हवं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला कोण विचारतंय?"

झाडांची पानं लाल-पिवळी झाली होती. दोन काठ्या घेऊन आर्लिस पुढे, तिच्या मागे हात अर्धवट पसरून हार्लन आणि सगळ्यांत मागे धापा टाकत मी. पहिला चढ तिने दात आवळून काढला. मग तो उभा खडक आला. तिने पाय उचलला, तो गुडघ्याएवढाही वर जाईना. काठ्या टाकून हातांनी धरून बघितलं. पुन्हा बघितलं. मग ती तिथेच पाचोळ्यात बसली.

"मी पाठीवर घेतो तुला," हार्लन म्हणाला.

"मक्याचं पोतं आहे का मी?"

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "मग मीही जाणार नाही. आज नाही, कधीच नाही. आपण दोघं अडतीसवर थांबू. घरची फरशीही नको. मी जन्मात तिच्यावर पाय ठेवणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, याहून जास्त माणूस काय देऊ शकतो? पण आर्लिस भडकली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भडकली.

"पुन्हा? पुन्हा माझ्या वतीने ठरवतोस? तू खाली बसलास की तुला हलकं वाटणार, आणि मी मरेपर्यंत तुझा त्याग बघत बसायचं? या वेळी मी ठरवणार. ऊठ. वर जा, खिट्टीला हात लाव. आणि घरी गेल्यावर त्या फरशीवर उभा राहा."

"एकटा?"

"एकटा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. तो उठला आणि खडक चढून दिसेनासा झाला. आर्लिसने पर्समधून दोन पेपरमिंट काढले, एक मला दिला. मग ती त्या खडकावर हात फिरवत म्हणाली, "केवढासा आहे गं हा," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. हार्लन परत आला तेव्हा तिने डोळे पुसलेले होते. त्याच्या बोटांना गंज लागला होता. परतीच्या वाटेवर त्याने ती बोटं पँटला पुसली नाहीत.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही तिघं फरशीपाशी गेलो. मका कापून झाला होता आणि वारा मोकळाच सुटला होता. गणगोत नाही, केक नाही. आर्लिसने गाडी रस्त्यावरच उभी केली, सहलीच्या दिवशी केली होती तिथेच, आणि काच खाली घेतली.

मी खिडकीशी वाकले. "निदान कडेपर्यंत तरी चल. पाय नको ठेवूस."

"इथून दिसतोय," ती म्हणाली आणि कॅमेरा काढला. वरचे फोटो नेहमी हार्लन काढायचा, त्यामुळे तिला बटण शोधावं लागलं.

हार्लन फरशीच्या कडेला थांबला. टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्याने पाऊल टाकलं आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हा मला दिसलं. त्याचा उजवा हात अंगापासून जरा दूर होता, पंजा उघडा, बोटं किंचित वाकलेली. आर्लिस नेहमी त्याच बाजूला असायची. आपला हात तसा राहिलाय, हे त्याला कळलंही नसावं.

आर्लिसने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच धरून ठेवला. बटण काही दाबेना. मग तिने तो माझ्या हातात दिला.

"तूच काढ," ती म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, हस जरा. मला इथून नीट दिसत नाहीये."