तळघरातले जन्म-मृत्यू

माझ्या मावशीला चिडताना मी पुष्कळदा पाहिलं आहे. किळस आलेली मावशी हे मात्र वेगळं प्रकरण. चिडली की ती तोंड सोडते. किळस आली की नाकपुड्या आवळून गप्प बसते. मग समोरच्याने मुकाट्याने काढता पाय घ्यावा, हे बरं.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कचेरीत जुनी दप्तरं सांभाळण्याचं काम तिच्याकडे होतं. शहरात कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी तळघरात होत्या. तळघराच्या छताला लागून वरच्या मजल्यांच्या संडासांचा जाडजूड पाइप गेला होता. त्याचा एक सांधा कायम ओला असायचा. मावशीने तक्रार केली तेव्हा एक माणूस आला आणि सांध्याला चिंधी गुंडाळून गेला. पुन्हा तक्रार केली, तर चिंधी बदलून मिळाली.

अशात वरून हुकूम सुटला, की आपत्ती आली तर कागदपत्रं कशी वाचवणार, याचा आराखडा प्रत्येक कचेरीने पाठवावा. मावशी हरखली. कधी नव्हे ते कुणीतरी शहाण्यासारखं काही विचारलं होतं. तिने मन लावून आराखडा लिहिला. दप्तरं तळघरातून काढून दुसऱ्या मजल्यावर न्यावीत, संगणकावरच्या प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवाव्यात, किल्ली कुणाकडे असेल आणि आधी काय उचलायचं हे सगळ्यांना ठाऊक असावं. दुसऱ्या मजल्यावर साहेबांचा बैठकीचा हॉल होता. तिथे बैठका क्वचितच व्हायच्या, पण खुर्च्या मखमली होत्या.

साहेबांनी आराखडा उभ्या उभ्या चाळला. "बाई, हे फार नकारात्मक वाटतं हो. वाचणाऱ्याला वाटेल, आमचं सगळं बुडायलाच टेकलंय."

"आपत्तीचा आराखडा आहे, साहेब. वाढदिवसाचं आमंत्रण नाही."

वर गेला तो दुसराच. साहेबांच्या मदतनिसाने कुठल्याशा बंदर खात्याचा आराखडा उतरवून काढला आणि वरचं नाव तेवढं बदललं. त्यात चक्क लिहिलं होतं, की भरतीचा इशारा मिळताच बोटी धक्क्याला घट्ट बांधाव्यात. आमच्या शहराला समुद्र तर सोडाच, धड नदीही नाही. तरी तो मंजूर झाला, वर शाबासकी मिळाली. संगणकातल्या प्रती 'सुरक्षित स्थळी' हलवल्याचंही त्यात होतं. ते स्थळ म्हणजे त्याच तळघरातला कोपरा. तिथे गार असतं म्हणून.

सलग सुट्ट्या आल्या आणि तो सांधा सुटला. सुट्ट्यांनंतर मावशीने तळघराचं दार उघडलं, तर वासाचा असा भपकारा आला, की ती भिंतीला धरून उभी राहिली. खाली घोट्याच्या वर काळंपिवळं पाणी साचलं होतं. त्यात काय काय तरंगत होतं, ते ती आजही सांगत नाही. खालच्या फळ्यांवरची दप्तरं पाण्यात भिजलेल्या पावासारखी फुगली होती. वरच्यांवर छतातून अजून ठिबकत होतं. प्रती ठेवलेला संगणक जमिनीवरच होता, तो कधीच गेला होता.

साहेब अत्तराचा रुमाल नाकाला लावून वरच्या पायरीवर थांबले. "ट्रक मागवा. सगळं उचलून फेकून द्या. आरोग्याचा प्रश्न आहे."

"फेकून? साहेब, यातलं बरंच वाचेल. लगेच गोठवलं तर बुरशी धरत नाही. मग सवडीने वाळवता येतं."

"या घाणीला हात कोण लावणार?" आणि मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा बाई, आत काय होतं न काय नव्हतं, कुणाला पत्ता आहे? आराखड्याप्रमाणे सगळं सुरक्षित राहिलं, असंच आपण कळवू."

मावशी म्हणते, त्या पाण्याने ओकारी आली नव्हती, ती या बोलण्याने आली. ती तिथल्या तिथे बादलीत ओकली, तोंड धुतलं आणि माझ्या वडिलांना फोन लावला. वडील भाजीच्या शीतगृहाचे व्यवस्थापक होते.

"भाऊजी, एक खोली हवी आहे. गोठवणारी."

"कशाला?"

तिने सांगितलं. वडील म्हणाले, "अगं, माझ्या मटारांच्या शेजारी तू गटार आणून ठेवणार?"

आईने त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. "दुरुस्तीसाठी रिकामी केलेली ती मागची खोली द्या तिला. आणि तुम्ही स्वतः गाडी घेऊन जा."

साहेबांनी सफाई कामगारांना बोलावलं होतं. मावशी त्यांना म्हणाली, "तुम्ही पाणी काढा. कागद आमचे, ते आम्ही उचलू." ती रबरी बूट चढवून उतरली. दाखल्यांच्या खिडकीवरचे दोन कारकून एकमेकांकडे बघत राहिले, मग तेही उतरले. एक दप्तर उचललं, की त्याच्या पोटातून घाण ओघळायची. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, वर चिठ्ठी लावायची, गाडीत ठेवायचं. वडील गाडीच्या दारात नाक दाबून उभे, पण प्रत्येक गठ्ठा त्यांनी स्वतः आत रचला. साहेबांचा ट्रक आला तेव्हा न्यायला नुसता लगदा उरला होता. तोही थोडाथोडका नव्हता.

"एकही नोंद नष्ट झालेली नाही" अशा अहवालावर मावशीने सही केली नाही. खिडकीवर कुणी दाखला मागायला आलं, की ती सगळ्यांदेखत मोठ्याने सांगायची, "तुमच्या आजीची नोंद गेली. आमच्या संडासाचं पाणी शिरलं तिच्यात." साहेब काचेआड लालबुंद व्हायचे. लोक संतापले, गावभर बोभाटा झाला आणि वरून चौकशीचे अधिकारी आले. त्यांनी मंजूर आराखडा उघडला, चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "त्या वेळी बोटी जाग्यावर होत्या का?"

मावशीला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ती नाकपुड्या आवळून बसून राहिली.

चौकशी संपली. साहेबांची बदली झाली. इतर कचेऱ्यांना आपत्तीची तयारी शिकवणाऱ्या केंद्रात, मोठ्या पदावर. त्या दिवशी मावशी आमच्याकडे जेवायला बसली आणि ताट तसंच सरकवून उठली.

नवीन आलेल्या बाईंनी मखमली खुर्च्या हलवून हॉल दप्तरांना दिला. गोठवलेले गठ्ठे एकेक करून आणले, पानं सोडवली, पंख्याखाली वाळवली. जी वर्षं कायमची गेली, त्यांच्यासाठी मावशीने लोकांना आवाहन केलं, की घरात जुने दाखले असतील तर आणा, त्यावरून नोंदी पुन्हा लिहू. लोक यायला लागले. काही शिव्या देत आले, पण आले.

एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या मृत्यूचा दाखला घेऊन आले. तो टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढेनात.

"परत मिळेल ना, बाई?"

"तो हातातून सोडूच नका," मावशी म्हणाली. "नुसता माझ्याकडे वळवून धरा. मी बघून लिहिते."

त्यांनी दोन्ही हातांनी कागद उभा धरला. मावशीने पेन उघडलं आणि त्यांच्या बायकोचं नाव लिहायला घेतलं.