गाळलेली चार पानं

कार्डिफच्या आमच्या वाचनगटात सहा स्पॅनिश शेजारणी, एक पोर्तुगीज मैत्रीण आणि मी. मैत्रीण माझ्या खालच्या मजल्यावर राहायची, हॉस्पिटलात नर्स होती आणि गोष्टी लिहायची. तिच्याकडूनच मी पोर्तुगीज शिकले. गटात दोन वर्षं स्पॅनिश कादंबऱ्या झाल्या, पोर्तुगीज एकही नाही. मी विषय काढला की त्या सहाजणींतल्या, गट चालवणाऱ्या बाई हसायच्या.

“पोर्तुगीजमध्ये वेगळं काय आहे? आमचीच भाषा, जरा नाकातून बोललेली.”

मैत्रीणही कसनुसं हसायची. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. ‘मराठी म्हणजे हिंदीच ना?’ हे ऑफिसात ऐकून माझे कान किटले होते. या बाईंची एकदा जिरवायचीच, असं मी ठरवून टाकलं.

शेवटी मैत्रिणीची एक पोर्तुगीज गोष्ट वाचायला बाई तयार झाल्या. स्वतःची आई वारल्यावर तिने लिहिलेली, बारा पानांची. मैत्रीण इतकी हरखली की चर्चेच्या शनिवारची शिफ्टही बदलून घेतली. मी इंग्रजी अनुवाद देऊ केला, तर बाई म्हणाल्या, “आम्हाला कशाला ट्रान्सलेशन? आम्ही ओरिजिनलच वाचू.”

वाचा म्हटलं. प्रती काढायचं काम माझ्याकडे होतं. सहाही प्रतींतून मी पाचवं ते आठवं पान काढून घेतलं. गोष्टीतली आई त्याच पानांत मरते. मैत्रिणीला यातलं काहीच सांगितलं नाही.

प्रती वाटल्यावर तीन आठवड्यांत पानं कमी आहेत म्हणून एकीचाही मेसेज आला नाही.

शनिवारी सकाळी लायब्ररीत बाई रंगात आल्या. “शेवटी लेकीची वाट बघत बसलेली ती आई! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.” बाकीच्या पाचजणींनी माना डोलावल्या. मी बाईंना मनसोक्त बोलू दिलं. मग म्हटलं, “आई सहाव्या पानावर वारली. आणि सहावं पान तुमच्याकडे नाहीच. बघा.”

सहाजणी भराभर पानं उलटू लागल्या. बाईंचे कान लालबुंद झाले. मला झालेलं सुख काय सांगू! दोन वर्षांचं उट्टं निघालं होतं. तो चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं.

मैत्रीण आणि मी बस स्टॉपवर आलो. मी अजून हसतच होते. “कशी जिरवली?” मी विचारलं.

“त्या वाचणार नाहीत, हे मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “पण तू वाचली होतीस ना? वाचूनही माझ्या आईची पानं काढलीस.”