पट्टे काढा!

जळकोटला बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसणारा निवृत्ती लोकांना बसून पगार खाणारा वाटे. शेजारचा किराणेवाला माणिकप्पा तर येताजाता विचारी, "काय हवालदार, आज किती माश्या पाडल्या?" निवृत्ती हसून घेई. फौजेत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला हसून घेणं बरोबर जमतं.

त्याचा सगळा जीव पोरीत. बुद्धप्रिया कॉलेजात एनसीसीला होती, आणि तिला नेमबाजीच्या संघात घालायचंच, हे त्यानं मनावर घेतलेलं. घरी रायफल कुठली? बाभळीच्या दांड्याला बाजेची नवार बांधून तो तिला अंगणात पालथी निजवी. नवारीचा फास डाव्या दंडात, तिथून ती हाताबाहेरून दांड्याच्या पुढच्या टोकाला ताणलेली.

"पट्टा आवळ. वजन हाडावर येऊ दे. मांस थरथरतं, हाड न्हाई."

दुसरा धडा याहून कडक. हुकूम आला की का म्हणून विचारायचं न्हाई.

कमरेला बांधायचा तो बेल्ट आणि बंदुकीला असतो तो पट्टा, असंच त्यांच्या घरात चाले.

निवडीच्या दिवशी नांदेडला तो तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता. पोरी रायफली घेऊन पालथ्या निजल्या. कमरेचं बकल पोटात रुतायला नको म्हणून निवड घेणारा साहेब ओरडला, "पट्टे काढा!" बाकीच्यांनी कमरा मोकळ्या केल्या. बुद्धप्रियानं रायफलीचा पट्टा दंडातून सोडवला आणि बाजूला टाकला.

निवृत्तीनं ते बघितलं. एक हाक पुरली असती. पण गोळीबाराच्या मैदानावर साहेबाशिवाय कुणी तोंड उघडत नसतं. सतरा वर्षांची सवय आडवी आली. कॉलेजच्या सरावात पट्टा आवळून रुपयाएवढ्या जागेत पाच गोळ्या बसवणारी पोर, त्या दिवशी तिच्या पाच गोळ्या पाच गावांना गेल्या. यादीत नाव आलं नाही.

स्टँडवर ती म्हणाली, "आबा, मी एकटीच येडी निघाले. साहेब कमरेचं म्हणून राहिले होते."

"हाव."

"म्हणजे तुमाला दिसलं होतं?"

"हाव."

"मग वरडला का न्हाईत?"

निवृत्ती बुटाची नाडी आवळायला वाकला. "मैदानावर वरडत नसतेत, बाई."

"तिथं तुमाला कोण शिक्षा देणार होतं? फौज सोडून बारा वर्षं झाली!"

गाडी लागली. बुद्धप्रिया आत चढली आणि दोघांची रिकामी जागा सोडून एका अनोळखी बाईच्या शेजारी जाऊन बसली.