अन्सारचा आवाज

मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात माणसाच्या आवाजाला काडीची किंमत नसते. सगळे माग एकदम खटाखट सुरू झाले की शेजारचा बोंब मारतोय का जांभई देतोय, काही कळत नाही. म्हणून तिथं सगळे ओठ वाचतात. शिकवत कुणी नाही, आपोआप येतं. मी तिथं माग दुरुस्त करणारा मिस्त्री होतो आणि अन्सार विणकर. मालकाला घातलेल्या शिव्या धरून आमच्या दोस्तीतलं निम्मं बोलणं बिनआवाजीच झालं. त्यात कानही गेले. आता मी नाशकात, सातपूरला मुलाकडे राहतो. सूनबाई रोशनी म्हणते, "पप्पा, टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकवायचाय का?" म्हणू दे.

हे आधी सांगितलं, कारण आम्ही असले अर्धवट बहिरे नसतो तर अन्सारचं दुखणं इतके दिवस लपलंच नसतं.

अन्सार म्हणजे काटकुळा, टापटिपीचा माणूस. चहा बशीतच पिणार आणि दुसऱ्याच्या मागातली चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. लय वेळा भांडलो आम्ही. पण घरात हा माणूस वेगळाच. त्याची बायको बिलकिसभाभी, तिचे डोळे काचबिंदूनं गेले. तेव्हापासून हा तिला सगळं बोलून दाखवायचा. उंबऱ्यावर दोघं बसायची आणि याची रनिंग कॉमेंट्री सुरू. "मौलवीसाहेबांनी नवीन चप्पल घेतली, लागते वाटतं, लंगडतायत. समोरच्यांची बकरी कुणाची तरी ओढणी खातेय. आता मालकीण आली लाकूड घेऊन." भाभी पोट धरून हसायची. गल्लीतल्या डोळस माणसांना जेवढं दिसायचं नाही, तेवढं तिला ठाऊक असायचं. (त्यांच्या घरची बोली वेगळी. मी आपलं माझ्या मराठीत सांगतोय.)

ती भाभी वर्षभर घोकत होती, "अहो, तुमचा आवाज बदललाय." अन्सार म्हणायचा, "तुझे कान वाजतात." मुलगा मुन्ना, तोही मागावरच, म्हणायचा, "अम्मी, आम्हाला तर काही वाटत नाही." वाटणार कसं? यांनी बापाचा आवाज कधी कानांनी ऐकलाय? ओठ तर होते तसेच हलत होते!

मग माझ्या नातवाच्या जावळाला मी त्यांना नाशकाला बोलावलं. पंगतीत अन्सारला पुरणपोळीचा घास अडकला. डोळे पांढरे झाले. पाठीत गुद्दे घातले तेव्हा उतरला. पाणी देताना रोशनी सहज म्हणाली, "काका, तुम्ही सारखे तोंडात घास असल्यासारखे का बोलता?"

भाभीनं ताटावरचा हात उचलला. "ऐकलंत? पोरीनं एका दिवसात ओळखलं!"

रोशनीनं ऐकलं नाही कुणाचं. दुसऱ्याच दिवशी आम्हाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. घशाची एक बाजू आत ढकलली गेली होती. एमआरआय झाला, सुई घालून तपासणी झाली. जबड्याच्या आतल्या अंगाला, घशाच्या भिंतीमागे खोल गाठ होती, मोठ्या लिंबाएवढी. कॅन्सर नाही म्हणाल्या, तेव्हा मी तिथंच "या अल्ला, रे देवा" दोन्ही करून घेतलं. पण गाठ वाढत होती. अशीच ठेवली तर आधी घास अडेल, मग श्वास. मानेतून वाट करून काढावी लागणार होती.

"आणि एक गोष्ट," बाई म्हणाल्या, "आवाजाची नस गाठीला चिकटून गेलीय. आम्ही जपूच. पण तिला इजा झाली तर आवाज बसेल. कदाचित कायमचा."

भाभी तेव्हा बाहेर बाकावर होती. अन्सारनं ऐकून घेतलं, बाईंना सलाम केला आणि उठला.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. भाभी आमच्या मधोमध, हातात ग्लास. आणि हा शहाणा तिच्या डोक्यावरून मला नुसत्या ओठांनी सांगायला लागला. ऑपरेशन नको. तिच्याजवळ माझा आवाजच आहे. तो गेला तर ती अंधारात एकटी पडेल. घास अडतोय तर अडू दे, पातळ खाईन. तिला सांग, गोळ्यांनी बरं होणार आहे.

मी जन्माचा तापट. माझं डोकंच सणकलं. ओठ वाचले मी, पण उत्तर दिलं ते खच्चून, "अरे गाढवा! भाभीला तुझा आवाज पाहिजे म्हणून गाठ घेऊन मरणार का तू?"

टपरीवाल्याची किटली हातातच राहिली. अन्सारनं कपाळावर हात मारला.

भाभीनं शांतपणे ग्लास खाली ठेवला. "धनराजभाऊ, आता पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं सगळं. मला वाटलं भाभी रडेल. कसली रडतेय! अशी तडकली नवऱ्यावर! "माझ्या पाठीमागे मुक्यानं बोलता? लाज नाही वाटत? अहो, तुम्ही जिना चढता कसे, खोकता कसे, तेसुद्धा मला ओळखू येतं. मुका नवरा तर नशीबवान बाईला मिळतो! पण नवराच नसला तर त्या उंबऱ्यावर मी कुणाशेजारी बसू?" आणि मग मात्र तिला रडू फुटलं. तिचा ग्लास उचलून अन्सारनं तिच्या हातात दिला आणि मला ओठांनी म्हणाला, चल, आत जाऊ.

ऑपरेशनच्या दिवशी मुन्ना जिन्यात येरझाऱ्या घालत होता. भाभी तसबीहचे मणी ओढत होती, मी सप्तशृंगीला साकडं घालत होतो. दुपार टळून गेल्यावर बाई बाहेर आल्या. गाठ अखंड निघाली होती. नस तुटली नव्हती, पण सोडवताना ताणली गेली होती. आवाज घोगरा येईल, किती सुधारेल ते आत्ता सांगता येत नाही, असं म्हणाल्या. मी भाभीच्या पाया पडायचाच बाकी होतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, लपवू कशाला?

नाकातली नळी निघाली, मानेतली निघाली. अन्सार पेज गिळायला लागला. बाईंनी बोलायची परवानगी दिली. एका सकाळी मुन्ना भाभीला तोंड धुवायला घेऊन गेला, तेवढ्यात हा बाईंशी दोन शब्द बोलला. मी तिथंच होतो. काय सांगू, घासलेटच्या डब्यावर खिळा ओढावा तसा आवाज. त्याचा स्वतःचाच चेहरा पडला.

त्यानंतर भाभीसमोर घट्ट मिठाची गुळणी. मला ओठांनी म्हणे, दचकेल ती. म्हणेल, हा कोण परका माणूस आणून ठेवला. मी म्हटलं, कधीतरी बोलशीलच ना? त्यानं भिंतीकडे तोंड केलं. भाभी बिचारी त्याचा हात धरून बसायची, काही विचारायची नाही. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांवरही माया.

एका संध्याकाळी भाभी आपली आपण उठली. वॉर्डातली वाट तिच्या पायाखालची झाली होती. एक हात भिंतीवर ठेवून ती निघाली. फरशी पुसणाऱ्या मावशी बादली वाटेतच ठेवून फिनेल आणायला गेल्या होत्या. मी बघितलं, पण माझ्या आधी खाटेवरून आवाज फुटला, फाटका, खरखरीत, "बिलकिस! बाल्टी!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. अन्सारनं दोन्ही हात तोंडावर दाबले.

भाभीचा पाय उचललेला तसाच थांबला. तिनं तो हळूच मागे घेतला. मग चाचपत, खाटांच्या दांड्या धरत माघारी आली आणि त्याच्याजवळ बसली. तोंडावरचे हात बाजूला केले त्याचे.

"आता कसं मोकळं बोललात, तोंडात घास नसल्यासारखं," ती म्हणाली. "वर्षभर कुठं होतात तुम्ही?"